शिक्षक निवडल्यावर पुढे काय?

(दहावी १९९० च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात डिसेंबर २०२५ मध्ये केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट लिहून काढले आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू जिल्हा परिषदेत केंद्रप्रमुख आहेस, तेव्हा शिक्षणावर बोल. पण वीस मिनिटांत आटप, मागे जेवण तयार आहे." मी आटोपते. विषय मात्र मी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरूनच घेतला आहे. गेले सहा महिने मेळाव्याची तयारी चालली होती. जुने फोटो येत होते आणि दर दोन दिवसांनी कुणीतरी लिहीत होतं, "आपल्या वेळचे शिक्षक राहिले नाहीत. हल्लीचे शिक्षक पाट्या टाकतात." त्याखाली पंधरा-वीस जणांचे अंगठे.

आपल्या तुकडीतले आम्ही पाच जण शिक्षक झालो. आम्ही ते वाचत होतो. भांडायला नको म्हणून गप्प बसलो. आज माईक हातात आहे, म्हणून बोलते.

आपले शिक्षक चांगले होते, यात वाद नाही. गणिताच्या सरांनी सकाळी सातला जादा तास घेतले, एक पैसा घेतला नाही. मराठीच्या बाईंनी आपल्याकडून निबंध तीन तीनदा लिहून घेतले. ते दोघंही आज समोर आहेत आणि त्यांच्यापुढे उभं राहून बोलताना आजही पाय लटपटतात. पण एक हिशेब करू या. गावातल्या मराठी शाळेत पहिलीला माझ्या वर्गात चाळीसेक मुलं होती. त्यातली दहावीच्या परीक्षेला किती बसली? मी मोजलं, चौदा. बाकीची चौथीपर्यंत, सातवीपर्यंत गळत गेली. काही मुलींची लग्नं झाली, काही मुलं गुरांमागे गेली, काहींना वाचताच येत नव्हतं म्हणून शाळा नकोशी झाली. आज या मांडवात आपण जे बसलो आहोत, ते टिकलेले आहोत. टिकलेल्यांना आपले शिक्षक चांगलेच आठवणार. जे गळाले त्यांना मेळाव्याचं निमंत्रण गेलेलं नाही, त्यांचं मत आपल्याला कळणार नाही.

आज सहा ते चौदा वयाचं जवळजवळ प्रत्येक मूल शाळेच्या पटावर आहे. ऊसतोडीवरून आलेलं, आईवडिलांनी कधी पाटी न धरलेलं, घरात वेगळी बोली बोलणारं, सगळी मुलं वर्गात आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण मुलं वर्गात आली म्हणजे शिकली असं होत नाही. 'असर'च्या पाहणीनुसार देशातल्या सरकारी शाळांत तिसरीत असून दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये शंभरात सोळाच्या आसपास होती, २०२४ मध्ये ती तेवीसच्या आसपास गेली. सुधारणा आहे, पण अजून शंभरातली पंचाहत्तरहून जास्त मुलं तिथवर पोचलेली नाहीत. तेव्हा प्रश्न खरा आहे. शिक्षकाची गुणवत्ता वाढली पाहिजे, हेही खरं आहे. माझं म्हणणं इतकंच की ती कशी वाढते आणि कशी बुडते, हे शिक्षकाच्या स्वभावावर जितकं अवलंबून आहे त्याहून जास्त राज्याच्या धोरणावर अवलंबून आहे. 'आपल्या वेळचे' आणि 'हल्लीचे' अशी तुलना करून ते समजत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षकांबद्दल जे मांडलं ते आजही कुठल्याही बैठकीत वाचून दाखवण्यासारखं आहे. शिक्षकांचे पगार दहा रुपयांच्या वर जात नाहीत आणि त्यांची तयारीही बेताची असते, अशी त्यांची तक्रार होती. मग उपाय सांगितला: शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शेतकरी समाजातून यावेत, म्हणजे लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना कळतील, प्रमाणपत्र असलेल्या शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावात तो पंधरा-वीस रुपये असावा. परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची त्या काळची पद्धत गरीब समाजात शिक्षण पसरवायला उपयोगाची नाही, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे कोणाला निवडायचं, कसं तयार करायचं, पगार किती द्यायचा आणि काम कशावर मोजायचं, हे चारही प्रश्न जोतीरावांनी एका निवेदनात मांडले होते. आपण अजून त्याच चार प्रश्नांभोवती फिरतो आहोत.

आधी निवडीचं सांगते, कारण तिथे खूप काही बदललं आहे.

आपण दहावी झालो तेव्हा बारावीनंतर डी.एड. ही चांगल्या गुणांच्या मुलांची वाट होती. दोन वर्षं करा आणि नोकरी. म्हणूनच आम्ही पाच जण तिकडे गेलो. पुढे त्या वाटेवर गर्दी झाली. डी.एड. कॉलेजं गावोगाव निघाली, काही तर एका मजल्यावर. आपल्याच राज्यातल्या अशा कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ मध्ये आयोगाचा अहवाल आला. देशात शिक्षक तयार करणाऱ्या संस्थांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास संस्था खासगी आहेत आणि त्यांवर धड देखरेख नाही, हे त्यातून सगळ्यांपुढे आलं.

दरम्यान शिक्षण हक्क कायदा झाला आणि २०१० मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, बंधनकारक झाली. आपल्याकडे ती २०१३ पासून सुरू झाली. दीडशे गुणांची परीक्षा, खुल्या गटाला साठ टक्के हवेत. बहुतेक वेळा निकाल एक आकडी टक्क्यांत लागला. ज्यांनी डी.एड., बी.एड. केलं होतं त्यांतल्या बहुतेकांना ती जमली नाही, यावरून त्या कॉलेजांत काय शिकवलं जात होतं याचा अंदाज येतो. मग २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आलं. दोनशे गुणांची संगणकावरची परीक्षा, गुणांनुसार यादी, आवडीची जिल्हा परिषद किंवा संस्था निवडायची. अनुदानित संस्थांत शिक्षकाच्या जागेचा 'रेट' गावोगाव उघड बोलला जायचा, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. मुलाखतीचा पर्याय संस्थांना अजून आहे, पण उमेदवार त्यांना यादीतूनच घ्यावा लागतो. ओळखपाळख नसलेल्या शेतमजुराच्या मुलीला चिठ्ठीशिवाय नोकरी लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

याच काळात २०१९ च्या टीईटीत गुण वाढवून दिल्याचं उघड झालं. परीक्षा घेणाऱ्यांनाच अटक झाली आणि २०२२ मध्ये सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. तेव्हा चाळणी चांगली असून भागत नाही, ती धरणारे हातही स्वच्छ लागतात. तरीही मी म्हणेन, निवडीची पद्धत आपल्या वेळेपेक्षा आज चांगली आहे.

बिघडलं आहे ते वेळापत्रक. २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली. पवित्रमधून पहिल्या नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं. अभियोग्यता चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ मध्ये. २०२४ च्या फेब्रुवारीत अकरा हजारांच्या आसपास शिक्षकांची यादी लागली, तेव्हा पेढे वाटले गेले. पण मधल्या वर्षांत निवृत्त होणारे होतच होते. कोण कधी निवृत्त होणार हे काही गुपित नाही. प्रत्येक शिक्षकाची जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. पाच वर्षांनी कुठल्या तालुक्यात किती जागा रिकाम्या होणार, हे आज संध्याकाळी बसून काढता येईल. असं असताना सात-सात वर्षं भरती थांबते, आणि हुशार मुलं दुसरीकडे जातात. बारावीला चांगले गुण मिळालेला मुलगा आता डी.एड.ला जात नाही, कारण नोकरी कधी लागेल हे त्याला कुणी सांगू शकत नाही. परीक्षा कितीही कडक केली तरी तिला बसायला चांगली मुलं आली पाहिजेत.

पगाराचंही तसंच. २००० साली शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षं मानधन. प्राथमिकला महिना तीन हजार. ते पुढे सहा हजार झालं आणि सहा हजारांवर वर्षानुवर्षं राहिलं. २०२३ मध्ये ते सोळा हजार झालं. वाढ झाली हे चांगलं. पण शिक्षक शिकतो तो पहिल्या तीन वर्षांत. त्याच तीन वर्षांत तो खोलीचं भाडं कसं भरायचं या विवंचनेत असेल, तर तो टाचण काढणार की शिकवण्या घेणार? त्याला 'सेवक' म्हणून तीन वर्षं ताटकळत ठेवण्याऐवजी तीच तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली शिकवलं असतं, तर योजनेला अर्थ आला असता.

आता मुद्द्याची गोष्ट. समजा निवड चांगली झाली. पुढे काय?

माझ्या केंद्रात २०२४ मध्ये पवित्रमधून एक मुलगी रुजू झाली. दुसऱ्या जिल्ह्यातली, वय एकतीस. डी.एड. होऊन बारा वर्षं झालेली. मधल्या काळात एका खासगी शाळेत सहा हजारांवर शिकवलं, टीईटी पास केली, अभियोग्यता चाचणी दोनदा दिली. हुशार आणि कष्टाळू. तिला मिळाली दोन शिक्षकी शाळा: पहिली ते चौथी, पट चौतीस. आपल्यातल्या तिघांचं ते गाव आहे, नाव घेत नाही. पहिल्या महिन्यात मी भेटीला गेले, तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, एका खोलीत दोन वर्ग एकाच वेळी कसे शिकवायचे?"

या प्रश्नाचं उत्तर डी.एड.ला मिळालं नव्हतं. टीईटीत तो प्रश्न नव्हता, अभियोग्यता चाचणीत नव्हता. रुजू झाल्यावर तिची तालुक्याला दोन प्रशिक्षणं झाली. सभागृहात शंभर शिक्षक, पडद्यावर चित्रं आणि शेवटी ऑनलाइन प्रमाणपत्र. तिथेही नव्हता. राज्यात हजारो शाळा दोन शिक्षकी आहेत, म्हणजे हा प्रश्न हजारो शिक्षकांचा आहे.

माझ्याच केंद्रात एक गुरुजी आहेत. पंचवीस वर्षं दोन शिक्षकी शाळेत काढलेले. मी तिला तीन दिवस त्यांच्या वर्गात नुसतं बसायला पाठवलं. त्यांनी भाषण दिलं नाही. पहिलीच्या मुलांना चटईवर अक्षरपत्ते आणि काड्यांचे गठ्ठे देऊन कामाला लावायचं, तोवर दुसरीच्या मुलांशेजारी वीस मिनिटं बसून त्यांचं वाचन ऐकायचं, मग जागा बदलायची. कोणत्या मुलाला कोणतं जोडाक्षर अडतं याची साधी वही ठेवायची. हे त्यांनी करून दाखवलं. ती परत गेली, तिने तसंच सुरू केलं, तिच्या जोडीदार शिक्षकांनीही वरच्या दोन वर्गांत तसंच केलं. चार महिन्यांत तिसरीतल्या आठ मुलांपैकी सहा जण परिच्छेद वाचायला लागले. ही काही जादू नव्हती. चांगल्या कारागिराच्या शेजारी शिकाऊ बसवला, एवढंच झालं.

हे मी नवीन सांगत नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी चाळीसेक जिल्हा परिषद शाळांत हे करून दाखवलं. तिथे राज्यभरातून शिक्षक येत. वर्गात जमिनीवर आखलेली अक्षरं, बिया, खडे, काड्या, गटागटाने बसलेली मुलं, हे सगळं स्वतः पाहत आणि परत जाऊन आपल्या शाळेत करत. आम्हीही गाडी करून गेलो होतो. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, तेव्हा कुमठ्याचं उदाहरण त्याच्या मागे होतं. शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग पाहायचा, हा त्यातला सगळ्यात उपयोगी भाग. दुर्दैवाने पुढे माहिती भरण्याचा भाग वाढत गेला आणि वर्ग पाहण्याचा कमी झाला.

शिक्षकाला वर्गात जाऊन मदत करण्यासाठी राज्याने व्यवस्था उभी केलेलीच आहे. १९९४ च्या निर्णयाने साधारण दहा शाळांमागे एक केंद्र आणि एक केंद्रप्रमुख ठरला. तेच माझं पद. केंद्रप्रमुखाने शाळेत जावं, पाठ पाहावा, स्वतः पाठ घेऊन दाखवावा, महिन्याला शिक्षण परिषद घ्यावी, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात कितीतरी केंद्रांची जागा रिकामी आहे. २०२३ मध्ये २,३८४ पदांसाठी विभागीय परीक्षा जाहीर झाली आणि ती पुढे पुढे ढकलली गेली. माझ्याकडे सध्या दोन केंद्रांचा कार्यभार आहे, म्हणजे बावीस शाळा. सकाळी निघताना ठरवते की आज दोन वर्ग पाहायचे. दहा वाजता मोबाइलवर येतं, "खालील माहिती आज दुपारी दोनपर्यंत सादर करावी." मग मी बावीस शाळांना फोन करते, आणि बावीस शाळांतले बावीस शिक्षक वर्ग सोडून माहिती शोधतात. एका निरोपाने बावीस वर्ग बंद पडतात.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारनेही कामांची वर्गवारी केली, कोणती कामं शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक. कागदावर उत्तम आहे. पण पोषण आहाराची नोंद, आधार जुळवणी, यू-डायस, बीएलओची घरोघर भेट, ही कामं कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसतातच आणि ती करायला शाळेत लिपिक नसतो. चौथीपर्यंतच्या शाळेत लिपिक, शिपाई, मुख्याध्यापक आणि शिक्षक ही सगळी कामं मिळून दोन माणसांची असतात.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली, तिला ड्युटी लागली. नंतर बीएलओचं काम आलं. ३१ मे २०२५ ला तिचे जोडीदार शिक्षक निवृत्त झाले. त्यांची निवृत्तीची तारीख तीस वर्षांपासून माहीत होती. जागा आजही रिकामी आहे. जूनपासून ती चार वर्ग एकटी सांभाळते. जोडाक्षरांची ती वही अजून आहे, पण नोंदी सप्टेंबरमध्ये थांबल्या. गावात इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी येते. पट चौतीसवरून सव्वीसवर आला. आता हा पट पाहून उद्या कुणी म्हणेल, शिक्षिका पाट्या टाकते, मुलं शाळा सोडून चालली. आपल्याच ग्रुपवर म्हणेल.

अशातच १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. कायदा लागू होण्याआधी नेमणूक झालेल्या शिक्षकांनाही टीईटी लागू. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर सेवेतून बाहेर. पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांना नोकरीपुरती सवलत आहे, पण पदोन्नती हवी तर टीईटी हवीच. आपल्या तुकडीच्या शिक्षकांची सात-सात वर्षं उरली आहेत. आमच्यातल्या तिघांनी २३ नोव्हेंबरला टीईटी दिली. एकावन्नाव्या वर्षी चष्मा लावून, लेकीच्या वयाच्या मुलींशेजारी बसून.

माझं मत विचाराल तर शिक्षकाला विषय यायलाच हवा आणि तो येतो की नाही हे तपासण्यात अपमान नाही. डॉक्टरलाही नवं शिकावं लागतं. पण ज्या राज्याने आम्हाला तेव्हाच्या नियमाने निवडलं, त्याने पुढे तीस वर्षं आमच्या वर्गात कुणाला पाठवलं? दोन वर्षांची मुदत आहे, तर त्या दोन वर्षांत प्रत्येक तालुक्यात डाएटने शनिवारी दुपारी अभ्यासवर्ग चालवावेत, गणित आणि भाषेचं खरंखुरं शिक्षण द्यावं. मग परीक्षा झाली तर त्यातून मुलांच्या पदरातही काही पडेल. नाहीतर क्लासवाल्यांची गाइडं खपतील, काही चांगले शिक्षक घाबरून जातील आणि वर्गात फरक पडणार नाही.

तेव्हा माझ्या बावीस शाळांकडे पाहून मला जे वाटतं ते चार वाक्यांत सांगते. भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी आणि निवृत्त होणाऱ्याच्या जागी शिक्षक तो जायच्या आधी यावा. पहिली तीन वर्षं पूर्ण पगार द्यावा आणि अनुभवी शिक्षकाशी त्याची जोडी लावून द्यावी. केंद्रप्रमुखांच्या सगळ्या जागा भरून त्यांना वर्गात बसायला मोकळं करावं, आणि दर केंद्राला एक राखीव शिक्षक द्यावा, म्हणजे कुणी शिकायला गेलं किंवा आजारी पडलं तर वर्ग उघडा पडणार नाही. आणि माहिती एकदाच मागावी, तीही शाळा सुटल्यावर. यातल्या कशालाही परदेशाचा दौरा लागत नाही. पैसे लागतात, पण त्याहून जास्त लागतं ते वेळेवर काम.

आता तुम्ही म्हणाल, हे सरकारला सांग, आम्हाला काय सांगतेस? तुम्हाला सांगते, कारण सरकारला कुणी विचारत नाही तोवर ते हलत नाही, आणि विचारणारे शिक्षकच असले तर त्याला संघटनेची मागणी म्हणतात. पालकांनी आणि गावकऱ्यांनी विचारलं तर तो गावाचा प्रश्न होतो.

मेळाव्याच्या निमित्ताने आपण वर्गणी काढली. पुण्या-मुंबईच्या आणि दुबईच्या मित्रांनी सढळ हाताने दिलं. आपल्या जुन्या मराठी शाळेला स्मार्ट टीव्ही द्यायचं ठरलं आहे. द्या, मी आडवी येणार नाही. पण तो टीव्ही लावणारा शिक्षक शाळेत आहे का, हेही बघा. तुमच्यातले जे गावात राहतात त्यांना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बसता येतं, त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असा कायदाच आहे. जे बाहेर राहतात, त्यांचे भाऊ, भावजया, चुलते गावातच आहेत.

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. त्या दिवशी आपापल्या गावात तीन प्रश्न विचारा. आपल्या शाळेत शिक्षकांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? या वर्षी शिक्षक शिकवण्याव्यतिरिक्त कामासाठी किती दिवस वर्गाबाहेर होते? आणि या वर्षी वर्गात बसून शिक्षकाला मदत करायला कोण आलं, किती वेळा आलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या केंद्रातल्या गावांत माझ्याबद्दलच असेल. खुशाल विचारा, त्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. दहा गावांतून अशी दहा पत्रं आली तर तालुक्याला दखल घ्यावी लागते, हे मी कार्यालयात बसून पाहिलेलं आहे.

सर, बाई, तुम्ही आम्हाला शिकवलंत तेव्हा तुमच्या वर्गात येऊन तुम्हाला कुणी मदत केली नव्हती. तुम्ही स्वतःच्या हिमतीवर केलंत. तुमच्यासारखे शिक्षक प्रत्येक गावाला नशिबाने मिळतात. माझं म्हणणं असं की गावाच्या शाळेतल्या मुलाचं वाचन नशिबावर सोडू नये. सव्वीस मुलांची ती शाळा आपल्यातल्या तिघांच्या गावात आहे, आणि ते तिघंही आज इथे आहेत. जेवण झालं की त्यांनी मला भेटावं. ग्रामसभेचा अर्ज मी लिहून आणला आहे, फक्त सही हवी.